जमिनीचा कस आणि महात्मा फुले

महात्मा फुल्यांवर आपल्या भित्तिपत्रकात दरवर्षी लेख असतो. त्यात मुलींची पहिली शाळा असते, सावित्रीबाई असतात, अंगावर पडलेले शेणाचे गोळे असतात. ते सगळे खरे आहे आणि सगळ्यांना पाठ आहे. मी आज त्यांच्या दुसऱ्या कामाबद्दल लिहिणार आहे. जोतीराव हे मळेवाले होते. जमीन का पिकत नाही याचा त्यांनी फार विचार केला होता. आपल्या शाळेच्या परसबागेत यंदा वांगी येईनात, म्हणून गुरुजींनी मला त्यांचा हा भाग वाचून दाखवला. मला तो इतका आवडला की मी त्यांचे चरित्रच लिहायला घेतले.

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ रोजी झाला. वडिलांचे नाव गोविंदराव आणि आईचे चिमणाबाई. त्यांचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातले कटगुण. आडनाव खरे तर गोऱ्हे. पण त्यांचे घराणे पुण्याला आले आणि पेशव्यांना फुले पुरवू लागले. गजरे, हार, फुलांच्या गाद्या असे ते काम होते. म्हणून लोक त्यांना फुले म्हणू लागले. जोतीराव वर्षाचे होते न होते तोच आई वारली. सगुणाबाई नावाच्या मावसबहिणीने त्यांना वाढवले. आईशिवाय लेकरू म्हणजे काय ते माझ्या वर्गातल्या एका मुलीला विचारा. ती सगुणाबाईचे नाव कधी विसरत नाही.

सात वर्षांचे झाल्यावर जोतीराव शाळेत गेले. मुलगा हुशार होता. पण माळ्याच्या पोराला शिकून काय करायचे, असे एका कारकुनाने गोविंदरावांच्या मनात भरवले. वडिलांनी नाव काढून टाकले आणि हातात खुरपे दिले. तीनेक वर्षे जोतीराव मळ्यातच होते. वाफे पाडायचे, पाणी द्यायचे, तण काढायचे. रात्री दिव्याजवळ पुस्तक वाचायचे. शेजारी गफार बेग मुन्शी नावाचे मुसलमान शिक्षक आणि लिजिट नावाचे इंग्रज साहेब राहात. त्या दोघांनी पाहिले की पोरगा वाया चालला. त्यांनी गोविंदरावांची समजूत घातली. १८४१ साली जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत पुन्हा दाखल झाले. तेव्हा ते चौदा वर्षांचे होते, म्हणजे वर्गात मोठेच. त्याच्या आदल्या वर्षी त्यांचे लग्नही झाले होते. सावित्रीबाई तेव्हा नऊ वर्षांच्या होत्या, म्हणजे माझ्यापेक्षा एक वर्षाने लहान!

सगळे लोक म्हणतात की ती तीन वर्षे वाया गेली. मला तसे वाटत नाही. त्या तीन वर्षांत त्यांनी मातीत हात घातला नसता तर पुढचे पुस्तक त्यांना लिहिताच आले नसते. पण शाळेतून काढले हे वाईटच झाले. मुन्शीजी आणि लिजिट साहेब शेजारी नसते तर काय झाले असते, हा विचार करून मला भीती वाटते.

१८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली. १८४९ साली वडिलांनी लोकांच्या धाकाने जोतीराव व सावित्रीबाई यांना घराबाहेर काढले. १८५५ साली त्यांनी रात्रीची शाळा काढली, कारण शेतकरी आणि मजूर दिवसा कामावर असतात. १८६८ साली घरातला पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला. हे मी भरभर सांगितले कारण हे तुम्हाला माहीत आहे.

आता पोट कशावर भरत होते? पुष्कळ मुलांना वाटते की महात्मा म्हणजे फक्त भाषण करणारे. जोतीराव ठेकेदारी करत. खडकवासल्याचे धरण बांधले जात होते, तिकडे त्यांनी दगड पुरवण्याचे काम घेतले होते. त्यामुळे धरण कसे बांधतात, पाणी कसे अडते, कालवा कसा जातो हे त्यांनी जवळून पाहिले. त्या धरणाचा कालवा पुण्यावरून हडपसर, मांजरीकडे गेला. पण आजूबाजूचे शेतकरी कालव्याचे पाणी घ्यायला तयार होईनात. त्यांना वाटे की या पाण्याने जमीन बिघडेल, आणि पाणीपट्टी कोण भरणार? जोतीरावांनी मांजरीला जमीन घेतली आणि कालव्याच्या पाण्यावर मळा केला. मग लोकांनी डोळ्यांनी पाहिले. आमचे आबा म्हणतात की शेतकरी ऐकून करत नाही, शेजाऱ्याच्या वावरात पाहून करतो. जोतीरावांना हे माहीत होते असे दिसते.

त्या काळी शेतकऱ्याचे हाल फार होते. १८७५ साली पुणे जिल्ह्यात सुपे येथे शेतकरी चिडून उठले आणि सावकारांच्या वह्या जाळल्या. पुढच्याच वर्षी, १८७६ मध्ये, मोठा दुष्काळ पडला. तो १८७७ मध्येही चालू होता. सत्यशोधक समाजाने धनकवडीला दुष्काळातल्या मुलांच्या जेवणाची सोय केली. सावित्रीबाई तिथे होत्या. जोतीरावांनी गावोगाव हिंडून शेतकऱ्यांची घरे पाहिली. चूल, मडकी, गोठा, अंगावरची लंगोटी, सगळे पाहिले. आणि १८८३ साली त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' हे पुस्तक लिहिले.

असूड म्हणजे चाबूक. पुस्तकाचे पाच भाग आहेत. त्यातले दोन भाग एका वर्तमानपत्रात छापून आले आणि पुढचे छापायचे थांबले, कारण सरकारवर टीका फार होती. जोतीराव थांबले नाहीत. ते पुस्तक त्यांनी गावांमध्ये लोकांना वाचून दाखवले. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड महाराज यांनाही वाचून दाखवले.

गुरुजींनी मला त्यातला जमिनीचा भाग समजावून सांगितला. पुस्तकाची भाषा जुनी आहे, मला एकट्याला कळली नसती. जोतीराव म्हणतात ते असे. पूर्वी डोंगरावर रान होते. पाऊस आला की रानातला पालापाचोळा, गवत, मेलेले किडे, जनावरांची हाडे यांचा कुजलेला अंश पाण्याबरोबर वाहत येई आणि शेतात पसरे. जमिनीला फुकटचे खत मिळे. शेतकरी शेते पाळीपाळीने एकदोन वर्षे पडीत टाकत, म्हणजे जमिनीला विसावा मिळे. गायरानावर गुरे चरत, म्हणून शेण मुबलक होते. पुढे इंग्रज सरकारने जंगलखाते केले. रान आणि गायराने त्या खात्यात गेली. गुरे चारायला जागा उरली नाही. गुरे कमी झाली, शेण कमी झाले. शेताचे तुकडे पडले, म्हणून पड टाकणे परवडेना. तीच जमीन दरवर्षी पेरली. उघड्या जमिनीवरची चांगली माती पावसाने धुऊन नाल्यात गेली. पीक कमी आले, मग कर्ज काढले, मग जमीन सावकाराची झाली.

ही साखळी मी वहीत बाण काढून लिहिली. एकाच बाणावर बोट ठेवून उपयोग नाही. पीक कमी येते म्हणून शेतकरी आळशी, असे तेव्हाचे साहेब लोक म्हणत. जोतीरावांनी दाखवून दिले की माणूस आळशी नाही, जमिनीचे खाणे बंद झाले आहे.

आता उपाय. सरकारने रिकाम्या वेळात पोलीस आणि पलटणीतल्या लोकांकडून जागोजाग ताली आणि बंधारे घालून घ्यावेत, म्हणजे पावसाचे पाणी आधी शेतात मुरेल आणि मग ओढ्याला जाईल. नदीनाल्यांतला आणि तळ्यांतला गाळ पूर्वीसारखा शेतकऱ्यांना नेऊ द्यावा. गायराने गावाला परत द्यावीत. चांगल्या जातीची शेळ्यामेंढरे आणावीत, म्हणजे लोकरही मिळेल आणि लेंडीचे खतही मिळेल. विहिरीची जागा दाखवणाऱ्या पाणाड्यांना बक्षीस द्यावे. कालव्याच्या पाण्याला तोट्या बसवून ज्याच्या त्याच्या जमिनीच्या मानाने पाणी द्यावे, म्हणजे ते वाया जाणार नाही. दरवर्षी शेतीचे प्रदर्शन भरवावे आणि चांगल्या शेतकऱ्याला बक्षीस द्यावे. शेतकऱ्यांच्या मुलांना शाळा शिकवावी. शेवटचे तर त्यांनी १८८२ सालीच हंटर साहेबाच्या आयोगापुढे मांडले होते. बारा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना शिक्षण सक्तीचे करा, अशी त्यांची मागणी होती.

हे वाचून झाल्यावर गुरुजी आम्हाला परसबागेत घेऊन गेले. म्हणाले, जोतीरावांनी गाव जसे पाहिले तसे तुम्ही हा वाफा पाहा.

परसबागेची भाजी आपल्या खिचडीत जाते हे सगळ्यांना माहीत आहे. भाजी नसली की नुसती डाळ आणि भात. पहिलीतली पोरे भाजी नसेल तर अर्धी खिचडी ताटात ठेवतात. म्हणून वांगी येणे ही काही गंमत नाही.

आम्ही काय पाहिले ते सांगतो. बाग उतारावर आहे. वरच्या अंगाच्या वाफ्यात माती पातळ, चार बोटे खणले की मुरूम लागतो. खालच्या अंगाला कुंपणाजवळ काळी माती साचलेली. म्हणजे आमची चांगली माती पावसाने कुंपणाकडे नेली होती. धुऱ्यावर उभे राहिले की हे लगेच दिसते, पण कोणी उभे राहिले नव्हते. दुसरे, वांग्याच्या त्याच वाफ्यात तीन वर्षे वांगीच लावलेली. तिसरे, निंबाचा पाला आणि गवत झाडून पेटवून देत होते. जोतीरावांच्या काळी रानातला पाला शेतात येई आणि इथे अंगणातला पाला धूर होऊन आभाळात जात होता. चौथे, दोन वाफे निंबाच्या सावलीत. तिथली झाडे उंच आणि बारीक, फूलच नाही. त्याला खताचा इलाज नाही, ऊनच पाहिजे.

मग कृषी सहाय्यक आले होते तेव्हा त्यांनी पाने पाहायला शिकवले. खालची जुनी पाने आधी पिवळी पडत असली तर जमिनीत नत्र कमी आहे. वरची कोवळी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या असल्या तर लोह मिळत नाही. चुनखडीच्या काळ्या जमिनीत लोह असते, पण झाडाला ते घेता येत नाही. आपल्या वांग्याची खालची पाने पिवळी होती. वांगे मोठे आणि हिरवेगार झाले पण फळ धरत नाही, असे असेल तर नत्र जास्त झाले, युरिया थांबवा, असेही त्यांनी सांगितले. हा रोग आपल्याकडे नव्हता, पण माझ्या मामाच्या टमाट्याला आहे. मी त्याला सांगितले तर तो हसला.

मातीची एक परीक्षा घरी करता येते. काचेच्या बाटलीत अर्ध्यापेक्षा कमी माती घ्या, पाणी भरा, खूप हलवा आणि दिवसभर ठेवा. रेती आधी खाली बसते, तिच्यावर पोयटा, सगळ्यांत वर चिकणमाती. काडीकचरा पाण्यावर तरंगतो. वरच्या वाफ्याच्या बाटलीत रेती अर्ध्याहून जास्त होती आणि तरंगायला जवळजवळ काही नव्हते. कुंपणाजवळच्या मातीत गांडूळही सापडला. खरी तपासणी मात्र प्रयोगशाळेतच होते. त्यासाठी इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खोल खड्डा करून त्याच्या कडेची माती खरवडतात, पाचसहा ठिकाणची एकत्र करतात आणि सावलीत वाळवून पाठवतात. खत टाकल्या टाकल्या लगेच नमुना घ्यायचा नसतो. २०१५ पासून शेतकऱ्यांना त्याची आरोग्यपत्रिका मिळते. आबांच्या वावराची आमच्याकडे आहे, ती मी कपाटावरून काढून वाचली. त्यात सेंद्रिय कर्ब या रकान्यात कमी असे लिहिले होते. सेंद्रिय कर्ब म्हणजे पाला, शेण, मुळ्या कुजून मातीत राहतात ते. जोतीरावांनी १८८३ साली प्रयोगशाळा नसताना जे सांगितले तेच या कागदावर छापलेले पाहून मला नवल वाटले.

आम्ही वाफ्याच्या खालच्या बाजूला आडवे बांध घातले, उताराला आडवे बरं का, उभे नव्हे. कुंपणाजवळची माती टोपल्यांनी परत वर आणली. पाझर तलावातला वाळलेला गाळ दोन गाड्या मिळाला. तो पातळ थरानेच टाकायचा असतो. जाड टाकला तर तो घट्ट बसतो आणि पाणी मुरत नाही. मुरमाड जमिनीला तो चांगला, आधीच काळी असलेल्या जमिनीला त्याची तेवढी गरज नसते. पाला जाळणे बंद. खड्ड्यात पाल्याचा थर, त्यावर शेणकाला, त्यावर थोडी माती, पुन्हा पाला असे भरले आणि ओले ठेवले. अशी थर लावून खत कुजवायची रीत इंदूरला अल्बर्ट हॉवर्ड नावाच्या साहेबांनी १९२४ नंतरच्या वर्षांत बसवली. तो तर कपाशीचाच मुलूख, आपल्यासारखा. हॉवर्ड साहेबांनी आपल्याकडच्या शेतकऱ्यांपासूनही शिकून घेतले होते. खत कुजायला तीनचार महिने लागतात. घाई करून ओले शेण झाडाला घालू नये. त्याने मुळ्या भाजतात आणि हुमणीही येते. काळी भुसभुशीत माती झाली आणि शेणाचा वास गेला की खत तयार.

वांग्याच्या वाफ्यात या खेपेला चवळी लावली. आबा म्हणतात, वांग्यानंतर टमाटे किंवा मिरची लावून फेरपालट झाली असे कोणी म्हणू नये. ती सगळी एकाच घरातली, त्यांचे रोगही एक. चवळी, मूग, मेथी ही शेंगवाली झाडे हवेतला नत्र मुळांच्या गाठींत साठवतात. मी एक झाड उपटून पाहिले. गाठ फोडली तर आतून गुलाबी दिसते. गुलाबी असली म्हणजे ती कामावर आहे. शेंगा तोडून झाल्या की झाड उपटायचे नाही, बुडाशी कापायचे आणि मुळ्या जमिनीतच राहू द्यायच्या. जोतीरावांच्या काळी शेतकरी पड टाकून विसावा देत होते, आपल्याकडे चारच वाफे आहेत, पड कुठून टाकणार? म्हणून हा विसावा.

गाळाबद्दल एक सांगायचे राहिले. २०१७ साली महाराष्ट्र सरकारने गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना काढली. धरणांतला गाळ काढायचा आणि शेतकऱ्यांनी तो शेतात न्यायचा. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातही २०१८ साली पुष्कळ तलाव आणि नाल्यांतला गाळ निघाला. योजना निघाली तेव्हा जोतीरावांनी मागितल्याला एकशे चौतीस वर्षे झाली होती. मी वजाबाकी दोनदा करून पाहिली. राहुरीच्या कृषी विद्यापीठाला त्यांचे नाव दिले हे मात्र छान झाले. आपले अकोल्याचे विद्यापीठ डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाचे आहे.

आता जोतीरावांचे शेवटचे दिवस. १८८८ साली पुण्यात इंग्लंडच्या राणीचा मुलगा आला होता. त्याच्या मेजवानीला मोठमोठे लोक जरीचे कपडे घालून गेले. जोतीराव शेतकऱ्याचा वेष करून गेले आणि उभे राहून त्यांनी सांगितले की तुम्ही पाहता ते लोक म्हणजे हा देश नव्हे, गरीब रयत खेड्यात आहे, तिच्यासाठी शिक्षणाची सोय करा, हे तुमच्या आईला कळवा. मला हा प्रसंग फार आवडतो. आमच्या गावी कोणी मोठा माणूस आला की आम्हाला धुतलेले कपडे घालायला लावतात.

त्याच वर्षी ११ मे १८८८ रोजी मुंबईला मोठी सभा भरून लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली. आणि जुलै महिन्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला. त्यांनी डाव्या हाताने लिहायला शिकून 'सार्वजनिक सत्यधर्म' हे पुस्तक पुरे केले. मी डाव्या हाताने माझे नाव लिहून पाहिले, चार अक्षरांना पाच मिनिटे लागली.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव वारले. आपल्याला जाळू नये, घराच्या मागे जमिनीत पुरावे, अशी त्यांची इच्छा होती. त्यासाठी त्यांनी खड्डाही खणून ठेवला होता. पण वस्तीत पुरायला परवानगी मिळाली नाही, म्हणून दहन करावे लागले. टिटवे सावित्रीबाईंनी धरले. त्या काळी बाईने असे करणे म्हणजे केवढी गोष्ट! नंतर त्यांच्या अस्थी घराच्या आवारात, त्या ठरवलेल्या जागीच मातीत ठेवल्या. पुण्यात गंज पेठेत तो वाडा अजून आहे आणि त्या जागेवर तुळशीवृंदावन आहे.

इयत्ता चौथी